गावचा खुराक आणि जुईताईचं वजन

जुईताईनं प्रेमभंगापायी वेणी कापली, ही बातमी कासार आंबोलीत फुटली ती साळूमावशीच्या गिरणीतून. गिरणी चालू असताना ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे तिथं कुजबूज म्हणून सांगितलेली गोष्टही रस्त्यापर्यंत ऐकू येते. साळूमावशी पिठाचा हात कपाळाला पुसत, एक डोळा बारीक करून सांगायची, "अगं, हिंजवडीला हाय कुनीतरी कंपनीत. टाय घालतोय म्हनं. त्यानं न्हाई म्हनलं, आन् पोरीनं काय करावं? कच्चकन्!" या 'कच्चकन्'ला ती दोन बोटांची कात्री करून समोरच्या बाईच्या शेपट्यापर्यंत न्यायची. आठवड्याभरात त्या टायवाल्याला चष्मा लागला, मग त्यानं पांढरी गाडी घेतली, आणि शेवटी तर त्याची आईसुद्धा नाक मुरडायला लागली.

असा कुणीही माणूस नव्हता. हे मी खात्रीनं सांगते, कारण मी जुईताईची चुलत बहीण आहे आणि वेणी कापली तेव्हा कात्री माझ्याच हातात होती.

जुईताई तायक्वांदो खेळते. यात पायानं मारायचं असतं, छातीवर किंवा डोक्यावर, आणि खेळाडू वजनाच्या गटात लढतात. ताईचा गट एकोणपन्नास किलोच्या आतला. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं. काटा एकोणपन्नासच्या वर गेला की घरी. मग तुम्ही कितीही उंच लाथ मारत असा.

त्या दिवशी राज्य स्पर्धेच्या हॉलबाहेर ताई उन्हात रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या मारत होती. तिला शिकवणारे निषाद सर शेजारी उभे. सर भुकूमच्या नव्या सोसायटीत राहतात आणि घाबरले की त्यांचं मराठी फारच शुद्ध होतं. "जुईली, अजून थोडा घाम यायला हवा. थुंकत राहा. लाजू नकोस. थुंकणं हाही सरावाचा भाग आहे." ताई थुंकली, पळाली, परत काट्यावर चढली. थोडंसंच जास्त भरत होतं. पण थोडंसं म्हणजे जास्तच. तेव्हा ताईनं पाठीवरची वेणी पुढं घेतली, सरांच्या पेटीतली पट्ट्या कापायची कात्री मला दिली आणि म्हणाली, "काप." मी म्हटलं, "काकी मारंल मला." ती म्हणाली, "मंग अर्धी काप." मी सगळीच कापली, कारण अर्धी वाकडी दिसली असती.

तरी काटा शंभर ग्रॅमनं वरच राहिला. टेबलामागच्या बाईंनी मानही वर केली नाही. नाकातून आवाज आला, "पुढची." हा आवाज मी आता इतका छान काढते की शाळेत सगळी पोरं रांग सोडून पुढं सरकतात.

आता हे शंभर ग्रॅम आले कुठून, ते सांगायला हवं.

ताई पाचवीत असताना निषाद सरांनी आमच्या गावच्या तालमीत शनिवारचा वर्ग सुरू केला. तालमीत तेव्हा मातीवर गाद्या आल्या होत्या आणि पैलवान उरले नव्हते. सुरुवातीला आठदहा पोरं होती. किशोरकाकांनी, म्हणजे ताईच्या वडलांनी, तिला पाठवलं ते ती घरात सारखी पाय चालवायची म्हणून. दाराची कडी ती पायानं काढायची. काका म्हणायचे, "तितं जाऊन कुनाला तरी मार, पन दाराला सोड." बाकीची पोरं गळाली, ताई राहिली. शालेय स्पर्धा जिंकली, जिल्हा जिंकला. जिल्ह्याचं सोनं आलं तेव्हा गावानं पौड रस्त्याला फ्लेक्स लावला. त्यात ताईचा फोटो एका कोपऱ्यात, आणि बाकीच्या जागेत शुभेच्छुक. किशोरकाका गाडी थांबवून बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्यांनी लाथ मारली व्हय?"

आणि मग गेणबा वस्ताद जागे झाले. वस्ताद म्हणजे जुने पैलवान. कान मोडलेले, आवाज हौदातून आल्यासारखा. आमच्या गावात पूर्वी एक रीत होती. गावच्या पैलवानाला घराघरातून पाळीनं दूध जायचं, आज या घरचं, उद्या त्या घरचं. पैलवान संपले तशी पाळी बंद पडली. वस्तादांनी फ्लेक्स पाहिला, तालमीच्या पायरीवर चार माणसं गोळा केली आणि घोषणा केली, "पोरगी आसू द्या न्हाईतर पोरगा. लडतीया ना? गावची पैलवान हाय ती. उद्यापास्नं पाळी चालू!"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चरवी दारात. म्हशीचं दूध, वर साय. कुणी तूप पाठवलं, कुणी अंडी. साळूमावशीनं खारकांची पूड पाठवली. कुणाला सांगणार, की या पैलवानाला हलकं राहायचंय? चरवी परत पाठवणं म्हणजे त्या घराचा अपमान. ताई हसून चरवी घ्यायची, आत जायची आणि स्वतः काकडी खायची. दूध मी प्यायचे. आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे कुणाला कळलं नाही. त्या दोन वर्षांत गावच्या खुराकानं माझे गाल वर आले आणि सगळे म्हणायचे, "हिच्या आईनं लई चांगलं सांभाळलंय हिला."

दोन वर्षं ताई उपाशी राहून राज्य स्पर्धेला गेली. पहिल्या वर्षी पहिल्याच लढतीत हरली. पाय उचलायलाच जोर नव्हता. दुसऱ्या वर्षी, निघायच्या सकाळी, वस्ताद तालमीच्या दारात गडवा घेऊन उभे. त्यांनी स्वतः बदाम घोटून थंडाई केली होती. "पी माझ्यासमोर. तळ दिसला पायजे." जीप चालू, निषाद सर आत बसून घड्याळ बघतायत. ताईनं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा वस्तादांच्या मोडक्या कानांकडं, आणि गडवा तोंडाला लावला. वस्तादांनी तळ बघितला, मगच जीप सोडली. गडवाभर थंडाई पोटात घेऊन ती काट्यावर उभी राहिली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

परत आल्यावर ती आखूड केसांनी थेट तालमीत गेली. मी मागोमाग. वस्ताद पायरीवर बसून सुपारी कातरत होते.

"केस कशापायी कापलं गं?"

"वजनापायी."

"म्हंजी?"

ताईनं सांगितलं. ती फार बोलत नाही, त्यामुळे तिची नक्कल करायला मला अजून जमलेलं नाही. चार वाक्यांत सगळं सांगून मोकळी झाली. वस्तादांच्या हातातला आडकित्ता तसाच उघडा राहिला.

"म्हंजी माझ्या थंडाईनं घात केला तुजा."

"न्हाई वस्ताद. माज्या तोंडानं केला. मला न्हाई म्हनता आलं न्हाई."

वस्तादांनी आडकित्ता मिटून पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "उद्यापास्नं दूध बंद करतो. घरोघर सांगतो मी."

"नगा बंद करू," ताई म्हणाली. "दोन वर्सं मला भूक लागलीया."

तिनं ठरवूनच टाकलं होतं. वरच्या गटात जायचं, त्रेपन्नासच्या. आणि जेवायचं.

निषाद सरांनी डोक्याला हात लावला. "जुईली, तिथं मुली उंच आहेत. त्यांचा पाय तुझ्या डोक्यापर्यंत येतो आणि तुझा पाय त्यांच्या कमरेशी संपतो. हे गणित आहे." शिवाय दुसरी अडचण होती. छातीवर जे कवच बांधतात, त्यात यंत्र असतं. लाथ पुरेशी जोरात बसली तरच फळ्यावर गुण पडतो, आणि गट जितका वजनदार, तितका जोर जास्त लागतो. सरांनी सरावाचं यंत्र त्रेपन्नासवर लावलं. ताईनं मारलं. फळा शून्य. परत मारलं. शून्य. पाय लागत होता, सटकन आवाज येत होता, आणि फळा ढिम्म.

"बघितलंस?" सर म्हणाले.

"बगितलं," ताई म्हणाली. "भाकरी खाऊन येते."

ती खरंच खाऊन आली. मग रोज खायला लागली. दूध तिचं तिला मिळायला लागलं आणि मी परत चहावर आले. सकाळी ती घोटवड्याच्या चढानं पळायची, संध्याकाळी भुकूमच्या सोसायटीत लहान मुलांचा वर्ग घ्यायची. तिथल्या आया म्हणायच्या, "दीदी, मेरे बेटे को कॉन्फिडन्स चाहिए, बट उसको लगना नहीं चाहिए." ताई मान हलवायची आणि बेट्याला उठाबशा काढायला लावायची. पावसाळा सरता सरता एक दिवस तालमीतला फळा टुंग वाजला. दोन गुण. सरांनी यंत्र बिघडलंय का म्हणून उघडून पाहिलं. बिघडलं नव्हतं.

यंदाच्या राज्य स्पर्धेला वस्तादही आले. थंडाई आणली नव्हती, पण आवाज आणला होता. ताई काट्यावर चढली आणि निवांत उतरली, शेंगदाण्याचा लाडू खात. दुसऱ्या दिवशी तीन लढती जिंकली. राहिला शेवटचा सामना. जिंकेल तीच महाराष्ट्राच्या संघात, राष्ट्रीय स्पर्धेला. दुसरीला पदक आणि टाळ्या. समोरची मुलगी अशी उंच, की नमस्काराला वाकली तरी ताईएवढीच दिसली.

ताई पाय सैल करत बसली होती. चेहरा पांढरा पडलेला. ती अशी गप्प झाली की मी तिला चिडवते, कारण चिडली की तिचा रंग परत येतो. मी म्हटलं, "ताई, पैज लाव. तू हरतीयास."

"काय लावतीस?"

"हरलीस तर परीक्षेपर्यंत रोज मला स्कुटीवरनं शाळेत सोडायचं. जिंकलीस तर तू म्हनशील ते."

"जिंकले तर रोज सकाळी सहाला माजं लाथा मारायचं पॅड धरायचं. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत. रविवारीसुदा."

मी तिच्या हातावर टाळी दिली. खरं सांगते, त्या उंच मुलीकडं बघून मला शाळेची वाट सोपी झाल्यासारखं वाटलं.

पंच ओरडला, "शिजाक!" म्हणजे सुरू. पहिली फेरी ताई हरली. उंच पाय आला आणि तिच्या डोक्याच्या टोपीला लागला. वस्ताद उभे राहिले, "पट काढ पोरी! खाली बस आन् पट काढ!" तायक्वांदोत प्रतिस्पर्ध्याचा पाय धरला की दंड बसतो. निषाद सरांनी खुर्चीतूनच हात जोडले, "वस्ताद, कृपा करा, तिला काही सांगू नका." सांगून ताई कुणाचं ऐकणार होती! दुसऱ्या फेरीत ती त्या मुलीच्या इतकी जवळ गेली की लांब पायाला उघडायला जागाच उरली नाही. ढकलायची, छातीवर मारायची, परत चिकटायची. टुंग. टुंग. फेरी तिची.

तिसरी फेरी बरोबरीत चालली. शेवट जवळ आला. त्या मुलीनं ढकलायला हात लावला, ताई हलली नाही. एकोणपन्नासची ताई दोन पावलं मागं गेली असती. ही ताई जागच्या जागी राहिली आणि मागचा पाय फिरवला. कवचावर असा धप्प आवाज आला की शेजारच्या गादीवरचा पंच वळून बघायला लागला. दोन गुण. "काल्यो!" थांबा. वेळ संपली होती. पंचानं ताईचा हात वर केला.

किशोरकाका हॉलमध्ये रडत होते आणि विचारलं तर म्हणत होते, "डोळ्यात काय तरी गेलंया." वस्ताद अनोळखी माणसांना सांगत होते, "आमच्या गावच्या दुधावरची हाय." ताई पदक घेऊन सगळ्यांमधून वाट काढत माझ्याकडं आली. मी मिठी मारायला हात पसरले. तिनं त्या हातात पॅड दिलं.

"सहाला," ती म्हणाली.

"उद्या? अगं, उद्या सत्कार हाय तुजा!"

"सत्कार धाला हाय."

आता मी रोज सहाला तालमीत असते. पहिल्या दिवशी मी पॅडच्या आडून निषाद सरांच्या आवाजात म्हटलं, "जुईली, आधी अंतर सांभाळ." पुढं काही बोलायच्या आत मी गादीच्या पार पलीकडं भिंतीला टेकले होते. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही पाय रोवून, तोंड बंद ठेवून उभी राहते. रविवारीसुद्धा.