दगडाबाईची दुपटी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९३०. सकाळी गार वारा. रहाटाचा दोर बदलला. दुपारी बसलिंगप्पा आले. प्रसूतिगृहाची जागा महिनाअखेर रिकामी करा म्हणाले. चहा घेतला नाही.

नवी पेठेत बसलिंगप्पांचं कापडाचं दुकान. त्यावरचा मजला आमच्या महिला मंडळानं पाच वर्षांच्या पट्ट्यानं घेतला होता, गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणासाठी. आम्ही सभासद ठराव करत असू. बाळंतपणं दगडाबाई करी. आधीची भावंडं जगेनात, म्हणून आईबापांनी तिचं नाव दगडा ठेवलं. दगडाला मरण कशाला शिवतंय! करमाळ्याहून ती गिरणीत आली, मागाच्या साच्यापाशीच बाळंत झाली, आणि ते मूल तिथंच गेलं. तेव्हापासून पोटुशी बाई दिसली की तिचं एकच सांगणं, "दिवस भरलं की वर ये. साच्यापाशी थांबू नगंस."

सरकारच्या लेखी गुन्हाही तिनंच केला. जुन्या लुगड्यांची दुपटी धुऊन तिनं गॅलरीत एकाखाली एक दोऱ्यांवर वाळत घातली. वर पांढरी, मधे हिरवी, खाली तांबडी. काँग्रेसचा झेंडा तेव्हा असाच असे. शहरातला लष्करी कायदा जूनमध्येच उठला होता. साहेबलोकांच्या मनातून उठायचा होता. एका पोलीस साहेबानं खालून ती दुपटी पाहिली आणि घोडा थांबवला.

"मालक, दुपट्यांना सरकार भितंय व्हय?" बसलिंगप्पा जागा मागायला आले तेव्हा दगडाबाईनं विचारलं. "त्यास्नी सांगा, वाळली की काढते."

साहेबानं बसलिंगप्पांना बोलावून घेतलं होतं. भाडेपट्टा हा तुमचा खासगी व्यवहार, सरकार त्यात पडत नाही, असं तो फार सभ्यपणे म्हणाला. फक्त त्यांच्या दुकानाकडचं पोलिसांच्या खाकीचं कंत्राट पुढं कुणाला द्यायचं, ते ठरायचं होतं.

मंडळानं पट्टा पुढं केला आणि नकार दिला. मग जिन्याशी हिंदुराव शिपाई येऊन बसला. हुकूम इंग्रजीत, तो त्याला मीच वाचून सांगितला. पट्ट्याला सरकारची हरकत नाही, मात्र जिना कोणी चढू नये.

पुढच्या शनिवारी मायाक्का गिरणीतून कळा देतच आली. लग्नसराईचे दिवस, दुकानात दोन घरची माणसं बस्ता बांधायला बसलेली.

"हिंदुराव, सर बाजूला," दगडाबाई म्हणाली.

"मावशी, नोकरी जाईल की माझी!"

"आनि हिचं लेकरू गेलं म्हंजी?"

हिंदुराव खाली बघू लागला, पण सरला नाही. दगडाबाईनं पुढं वाद घातला नाही. मायाक्काला तिनं सरळ दुकानात गादीवर नेलं, खाकीच्या ताग्यांचा आडोसा केला आणि हुकूम सोडला, "मालक, पाणी तापवा!" थोड्या वेळानं ताग्यांमागून ट्यांहां ऐकू आलं. मुलगी झाली. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून खाकीतच गुंडाळली.

गिऱ्हाइकं केव्हाच ओट्याखाली उतरली होती. सोयर आलेल्या दुकानातून नवरीचा शालू कोण नेणार?

बसलिंगप्पांनी मागल्या दारानं आईला, शरणम्माला, हाक मारली. म्हातारीनं बाळ पाहिलं आणि पदर खोचला. "आपण लिंगायत. आपल्यात कसला विटाळ रे? राहू दे हितंच सव्वा महिना."

"अव्वा, आपल्यात नाही, पण गिऱ्हाइकात आहे की!"

"मग पेठेतनं उन्हात न्यायची म्हणतोस ओली बाळंतीण?"

बसलिंगप्पांनी दाराबाहेरची गिऱ्हाइकं पाहिली, खाकीचे तागे पाहिले, मग आईकडे पाहिलं. आणि ज्या माणसानं आठवड्यापूर्वी आम्हाला जागा सोडायला सांगितली, तो जिन्याशी जाऊन गरजला, "ऊठ रे! जिना माझा, पट्टा ह्या बायांचा. तू कोण अडवणारा? वर न्या बाई, आधी वर न्या!"

शरणम्मानं घरातून बाज आणवली, मायाक्काला तिच्यावर निजवलं, आणि हिंदुरावनं बाजेची एक बाजू स्वतः धरली. मग मला म्हणाला, "बाई, साहेबाला विंग्रजीत लिवा. जिना कुनी चढलं न्हाय. बाज चढली."

मी तसं लिहून दिलं. खाकीचं कंत्राट पुढं दुसऱ्या दुकानाला गेलं. प्रसूतिगृह पट्ट्याची मुदत संपेपर्यंत तिथंच राहिलं. बसलिंगप्पा दर दिवाळीला त्या कंत्राटाची आठवण काढत, पण चहा घेत.

शनिवार, २२ नोव्हेंबरची माझी नोंद एवढीच: दगडाबाई रात्री जेवायला थांबली. आमटी पुरेना, पाणी घालून वाढवली.