सावळाराम नानांची कलती मान

विंझरमध्ये माझं किराणा दुकान आहे आणि बरोबर समोर सावळाराम नानांची पिठाची गिरणी. त्यामुळे गेली कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर नानाच आहेत. दुसरं काही दिसलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण त्यांच्या मानेची गोष्ट गावात जो तो आपल्या सोयीने सांगत सुटलाय, आणि मला चुकीचं ऐकवत नाही. म्हणून मीच सांगतो.

नाना म्हणजे नकार. कोणी शिडी मागायला आलं, की नाही. वर्गणी, नाही. लग्नाला चला, नाही. बसा, चहा घ्या म्हटलं तरी आधी नाही, आणि मग तोच चहा उभ्याने पिणार. माणूस वाईट नव्हता. कोणाचं चिमूटभर पीठ त्यांनी कधी मारलं नाही. पण "हो" हा शब्द त्यांना गिळताच येत नसे, बोलणं तर लांबच.

त्यातही गिरणीत त्यांचं "नाही" कोणी कानांनी ऐकलेलं नव्हतं. गिरणी सुरू असली की शेजारी उभं राहून बोंब मारली तरी कळत नाही. म्हणून नानांनी सगळा कारभार मानेवर आणला होता. गिऱ्हाईक ओरडून विचारणार, "बारीक दळाल का?" नानांची मान किंचित खांद्याकडे कलली की हो. ताठ राहिली की नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने आमच्या गावाचा नानांच्या तोंडावर विश्वासच उरला नव्हता. गिरणी बंद असताना ते तोंडाने काही बोलले तरी समोरचा आपला त्यांच्या मानेकडेच बघत असे. आणि दळणाचा जाड-बारीकपणा सोडला तर ती मान कशासाठीही कललेली कोणी पाहिली नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी रत्ना. तिने बापावर उपाय शोधून काढला होता. प्रश्नच उलटा विचारायचा. "नाना, मी परीक्षेला नको ना जाऊ?" मान ताठ. म्हणजे "नको"ला नाही. की ही निघाली. अशा रीतीने ती कॉलेजात गेली, पहाटे रस्त्यावर पळायला शिकली आणि वनरक्षकाची परीक्षा पास झाली. गावाला तिचं कौतुक वाटलं. मला तर फार वाटलं.

नेमणूक आली ती चंद्रपूरकडच्या जंगलात. तेव्हा मात्र तिने उलटा प्रश्न विचारला नाही. घरात, जेवताना, सरळ विचारलं, "नाना, जाऊ का?"

"न्हाई. तितं वाघ हायती."

"वाघासाठीच तर ठेवत्यात वनरक्षक, नाना."

"न्हाई म्हंजी न्हाई."

मी तिला दुकानात म्हटलं, "आजवर केलंस तेच कर की, फिरवून विचार." ती म्हणाली, "न्हाई काका. हितनं तितं जायाचं तर फसवून न्हाई जायाचं. तितं एकटीनं ऱ्हाताना मला ते बोचंल." हजर व्हायची तारीख जवळ येत होती आणि बाप-लेक दोघं आपापल्या जागी ठाम. बघून माझाच जीव वर-खाली व्हायचा.

अशात फणस पडला.

गेनबा नानांच्या परसातल्या झाडावर चढून फणस उतरवत होता. त्याने वरून हाक दिली, "नाना, बाजूला सरा!" नाना म्हणाले, "न्हाई." गेनबाच्या हातून देठ सुटला होता, त्यामुळे चर्चेला वाव नव्हता. नशीब की फणस लहान होता आणि डोक्याला ओझरता लागून खांद्यावरून गेला. नाना मटकन खाली बसले. थोड्या वेळाने उठून म्हणाले, "काय झालं न्हाई." गावाने मानेकडे पाहिलं. ती तेव्हा ताठ होती, म्हणून गावही घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी नानांना सगळं दोन-दोन दिसायला लागलं. शेजारी-शेजारी नव्हे, एकावर एक, आणि खालचं थोडं तिरकं. वजनकाट्यावर वजनकाटा, डब्यावर डबा. साळूबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी घेऊन आली तर ती दुमजली. खाली बघितलं की जास्तच. गिरणीची पायरी उतरताना दोन पायऱ्या दिसायच्या आणि नाना नेमका नसलेल्या पायरीवर पाय द्यायचे. सांगायचं कोणाला? "काय होतंय का?" असं विचारलं की त्यांच्या तोंडून जे यायचं तेच येणार. पण त्यांना एक युक्ती सापडली. मान उजव्या खांद्याकडे कलती केली की दोन्ही चित्रं एकमेकांवर बसून एक होत. मग नाना दिवसभर मान कलती करूनच वावरू लागले.

पहिली बातमी बनाबाईने आणली. तिने रांग मोडून आपलं दळण आधी घ्याल का विचारलं आणि नानांची मान कललेली! बाई दळण न घेताच गावभर ओरडत गेली, "नाना व्हय म्हनले! नाना व्हय म्हनले!"

मग रीघ लागली. वर्षानुवर्षांचे तुंबलेले प्रश्न होते ते. धनाजीने विचारलं, क्रिकेटच्या सामन्यांचे अध्यक्ष व्हाल का. झाले. मानसिंगने विचारलं, भंडाऱ्याचा स्वयंपाक गिरणीत करू का. मान कललेली. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती, तर एका पॅनेलने येऊन पाठिंबा घेतला आणि पाठोपाठ दुसऱ्यानेही घेतला. नाना बिचारे घसा फोडून "न्हाई, न्हाई" करत होते. पण मोटर सुरू, आणि बंद असती तरी काय? मान काय म्हणतेय ते सगळ्यांना लख्ख दिसत होतं. धनाजी तर म्हणाला, "तोंडानं न्हाई म्हनायची सवय हाय वो त्यास्नी. मन बगा मानसाचं."

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून छातीठोक सांगतो. सामन्यांचा फ्लेक्स लागला. अध्यक्षांची मान वाकडी बरी दिसत नाही म्हणून फ्लेक्सवाल्याने फोटोच फिरवला. नाना एकदम ताठ, आणि मागची गिरणी, लाईटचा खांब आणि डोंगर सगळे डावीकडे कलंडलेले. कमिटीच्या फोटोत तर पोरांनी अध्यक्षांचा मान राखायचा म्हणून आपापल्या माना कलत्या केल्या. अकरा जण रांगेत, सगळे उजवीकडे झुकलेले. वेल्ह्याहून आलेल्या पाहुण्याने मला हळूच विचारलं, "या गावात पाण्यात काय दोष आहे का?" मी त्याला बिस्किटाचा पुडा दिला आणि गप्प केलं. न्हाव्याने केस कापले तेही कलत्या मानेच्या अंदाजाने, त्यामुळे नाना चुकून सरळ झाले असते तर एक कल्ला कानावर आणि दुसरा गालावर आला असता.

आणि गंमत म्हणजे, गाव नानांवर खूश होतं. सकाळी कोणी दूध देई, कोणी जांभळं. आयुष्यभर खरं बोलणाऱ्या माणसाला गावाने कधी पाणी विचारलं नव्हतं, आणि आता लाड चालले होते ते न दिलेल्या शब्दाचे. मला या सगळ्याचा संताप यायचा.

रत्नाला मात्र एकदाच पाहून कळलं. नाना जिन्याच्या टोकाला उभे राहून पायाने पायरी चाचपडत होते. तिने त्यांना विचारलंच नाही. एसटीत घातलं, नसरापूरला गाडी बदलली आणि भोरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत मीही होतो, कारण नानांना धरायला दोन माणसं लागत होती, आणि ती नानांना चार दिसली असती.

डॉक्टरीणबाईंनी नानांना आपल्या बोटाकडे बघायला सांगितलं. मग त्यांची मान धरून डाव्या खांद्याकडे कलवली. नाना ओरडले, "दोन झाली! लांब लांब गेली!" उजवीकडे कलवली. "एक."

"डाव्या डोळ्याची चौथी नस," बाई म्हणाल्या. "बघा, प्रत्येक डोळा फिरवायला सहा बारीक स्नायू असतात आणि त्यांना हुकूम पोचवायला मेंदूतून तीन नसा येतात. त्यातली ही चौथ्या नंबरची सगळ्यात बारीक. मेंदूच्या मागच्या बाजूने निघते आणि लांबून वळसा घेऊन पुढे येते. डोक्याला हिसका बसला की हीच आधी दुखावते. तिच्या हुकमाखालचा स्नायू डोळ्याच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या पुलीतून ओवलेला असतो. तो डोळ्याला खाली ओढतो, जरा पीळही देतो. तो ढिला पडला, म्हणून एक डोळा वर राहतोय. मान कलवली की तेवढी तूट भरून निघते."

पुली म्हटल्यावर नाना पहिल्यांदाच नीट ऐकायला लागले. "म्हंजी पट्टा निसाटलाय?"

"पट्टा जागेवर आहे. मोटरला वीज कमी येतेय."

नानांना ते पटलं. बाईंनी पुण्याहून डोक्याचा फोटो काढून आणायला लावला. त्यात रक्तस्राव वगैरे काही निघालं नाही. नस बहुतेक काही महिन्यांत आपली आपण सुधारेल, त्या म्हणाल्या, आणि तोवर चष्म्याच्या काचेवर एक खास पट्टी लावून दिली. तिच्यातून पाहिलं की मान न कलवता एकच दिसणार होतं.

नानांनी चष्मा घालायला नकार दिला, हे सांगायला नकोच.

आम्ही परतलो तर पारावर मंडळी रत्नाची वाटच बघत होती. मानसिंग म्हणाला, "पोरी, तू कशाला थांबलीस? जा की इचार बापाला. मान बग कशी हाय. आमी सगळं साक्षीला."

रत्ना म्हणाली, "ते व्हय न्हाई, काका. ती नस हाय."

"मग हाय तवर घे की! उद्या बरी झाली म्हंजी?"

"तुमी घेतलंसा. म्या न्हाई घेनार."

अख्ख्या गावात त्या होकाराची जिला खरी गरज होती ती एकटीच त्याला हात लावत नव्हती. मग मानसिंगने भंडाऱ्याच्या कांद्याचा विषय काढला.

हजर व्हायला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रत्ना गिरणीत गेली. मी समोर दुकानात होतो, पण हातातलं सोडून रस्ता ओलांडून गेलो. बघितल्याशिवाय मला राहवलं नसतं. गिरणी सुरू होती, नाचणीचं दळण चाललं होतं. तिने चष्म्याची डबी उघडली, चष्मा काढला आणि न विचारता बापाच्या नाकावर ठेवला. नानांनी डोळे मिचकावले. मग त्यांची मान हळूहळू वर आली आणि सरळ झाली. गाव ज्या मानेला हसलं, भ्यालं, तीच ती ताठ मान.

रत्ना त्यांच्यासमोर उभी राहिली. मोठ्याने ओरडून विचारलं, "नाना, मी जाऊ का?"

आता मानेला कुठलं निमित्त नव्हतं. मी नानांकडे बघत होतो. साळूबाई दारात येऊन उभी होती, पदर तोंडात धरून. नाना लेकीकडे बघत राहिले. मान ताठच होती. बराच वेळ ताठ होती. रत्नाने एकदा मान हलवली, समजलं अशी, आणि ती वळली. तिने दळणाचा भरलेला डबा उचलायला हात घातला, जणू उद्यापासून हेच करायचंय.

नानांनी तिचा दंड धरला. तिला आपल्याकडे फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढून काट्यावर ठेवला आणि मान कलती केली.

उजवीकडे नव्हे. डावीकडे.

मी आधी समजलोच नाही. मला वाटलं चुकले. मग त्यांचा डोळा पाणावलेला दिसला, कपाळाच्या शिरा दिसल्या, आणि दळणाच्या डब्यांच्या चवडीला धरून सावरणारा हात दिसला. डावीकडे मान कलवली की काय होतं ते मी भोरला ऐकलं होतं. नसेला ही बाजू नको होती. ही मान नस कलवत नव्हती, नाना कलवत होते.

रत्नाला माझ्या कितीतरी आधी कळलं. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "किती दिसत्यात, नाना?"

नानांनी दोन बोटं वर केली. लेकी त्यांना दोन दिसत होत्या, एकीवर एक. त्या दोन बोटांकडे ते जरा वेळ बघत राहिले. मग एक बोट मिटून त्यांनी ती मूठ छातीशी धरली, एक लेक घरी ठेवून घेतल्यासारखी, आणि उरलेल्या बोटाने नसरापूरच्या रस्त्याकडे दाखवलं.