सोबतीला नेलेला दीर

गल्लीत तिला सगळे गादीवाली म्हणत. खरं तर गाद्या भरायचा तिचा नवरा; ती शिवायची. सोफ्याच्या खोळी, गाड्यांच्या सीटचं जाड रेक्झिन, साध्या मशीनची सुई मोडेल असलं काम. त्यासाठी तिचं मोठं लोखंडी मशीन होतं, लग्नाआधी कारखान्यात राबून घेतलेलं. रेक्झिनचे तीन थर एकत्र शिवायचे तर नुसता पाय मारून भागत नाही, खांद्यापासून माल रेटावा लागतो. लग्नापासून ती तो रेटत होती.

मग नवऱ्याने घर सोडलं. भांडला नाही, ओरडला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं बिऱ्हाड थाटलं आणि निरोप धाडला: घटस्फोटाला संमती दे, दुकान माझ्या नावावर आहे, तू तुझं बघ. दुकान त्याच्या नावावर होतं हे खरं. मशीन तिचं होतं हेही तितकंच खरं, पण इतक्या वर्षांनी ते दाखवायचं कसं?

निरोप घेऊन आला बारक्या, तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो बाहीला नाक पुसणारं पोर होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली. त्याला न्हाऊमाखू घातलं हिने, शाळेत घातलं हिने, तापात उशाशी बसली हीच. आता तो दोन लेकरांचा बाप. निरोप सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, दादाचं डोकं फिरलंय. मी तुझ्या बाजूने आहे."

वकील करण्याची ऐपत नव्हती. मशीन दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "कोर्टाच्या आवारात मोफत सल्ल्याची खोली आहे. वकीलही तेच देतात. माझ्या पुतणीला मिळाला."

"फुकटचा वकील म्हणजे फुकटचं रेक्झिन. पहिल्या उन्हात तडकायचं."

"तडकलं तर तडकलं. जाऊन तर ये."

फी लागत नाही, पण पाय लागतात. पहिल्या दिवशी ती भलत्याच इमारतीत गेली. दुसऱ्या दिवशी खोली सापडली, तर वकीलबाई सुनावणीला गेलेल्या. दारातला शिपाई म्हणाला, "बसा. उठलात की नंबर गेला." ती बसली. दोन्ही दिवस बारक्याने स्कूटरवरून नेलं-आणलं. बाकावर शेजारी बसून राहिला, पाणी आणून दिलं.

शेवटी वकीलबाई आल्या. तिच्याहून लहान, बोलून बोलून आवाज बसलेला. आधी त्यांनी बारक्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"दीर."

"त्यांना बाहेर बसू द्या."

गादीवालीला राग आला. "हा परका नाही, बाई. माझ्या हातचा वाढलाय. सोडलं ते नवऱ्याने, याने नाही."

"मी कुणाला नावं ठेवत नाही. इथलं बोलणं इथेच राहावं, एवढंच."

"राहील की. बस रे तू."

तो बसला आणि ती सगळं बोलली. वकीलबाईंनी सांगितलं, कुठेही सही करू नका. मशीन तुमचं आहे हे सांगणारा कुणी आहे? होता, मिस्त्री. घेतलं त्या दिवसापासून त्याचं तेलपाणी तोच बघत होता. "मग सोमवारी अर्ज टाकू. निकाल लागेपर्यंत दुकानातलं काही हलवायचं नाही, असा. तोवर बाहेर बोलू नका."

सोमवारी सकाळी तिने शटर वर केलं. मशीनच्या जागी फरशीत बोल्टची भोकं तेवढी उरली होती. कुलूप शाबूत होतं. दुसरी किल्ली नवऱ्याकडेच असायची.

ती मिस्त्रीकडे धावली. तो हसून म्हणाला, "मिटलं ना एकदाचं?"

"काय मिटलं?"

"अगं, काल तुझा दीर सांगून गेला. वहिनीचा विचार बदललाय, साक्षीला यायचं कारण नाही म्हणून."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती. त्याचं मन उडाल्याचं तिला आधीपासून कळत होतं. बारक्याचं काहीच कळलं नव्हतं. ती मिस्त्रीच्या पायरीवरच बसली. त्याने चहा मागवला, तो तसाच गार झाला.

संध्याकाळी बारक्या आला, रोजच्यासारखा.

"मशीन कुठंय?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "वहिनी, ऐक. दादा म्हणतो, सही कर, मशीन लगेच दारात आणून देतो. कोर्टकचेरीत कुणाचं भलं झालंय?"

"तुला काय मिळालं?"

"दुकानात भागी देतोय. मलाही पोरं आहेत."

"ती पोरं दुपारी कुणाकडे जेवतात रे?"

तो स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "दादा माझा सख्खा भाऊ आहे," आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती पायी कोर्टात गेली. वकीलबाई 'तरी सांगत होते' म्हणतील, असं तिला वाटलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सही केली तर मशीन देतो, हे दिराने स्वतःच्या तोंडाने सांगितलं?"

"हो."

"म्हणजे मशीन त्यांच्याकडे आहे. हे अर्जात घालते. पण मग दिराला साक्षीला बोलवावं लागेल. शपथेवर. प्रश्न मी विचारीन आणि हातचं राखून विचारणार नाही. चालेल?"

बाहेर शिपाई नंबर पुकारत होता.

"चालेल."

"त्याचं पूर्ण नाव?"

शाळेत घालताना सांगितलं होतं तसंच, वडिलांच्या नावासकट, तिने ते सांगितलं.

कोर्टाचं बोलावणं हातात पडलं आणि बारक्या तडक दादाकडे गेला. तारखेआधीच एक टेम्पो मशीन दारात उतरवून गेला. सोबत ना नवरा, ना दीर. मिस्त्रीने ते पुन्हा जागेवर बसवलं, बोल्ट आवळले, आणि खाली मान घालून म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं."

"बारक्यावर कुणी संशय घेतला असता?" ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

सही तिने अजून केलेली नाही. दुकानाचा निकाल बाकी आहे. बारक्याची पोरं दुपारी जेवायला येतात. त्यांना ती वाढते. पोरं म्हणाली, बापाने काही सांगायला सांगितलंय, तर ती म्हणते, "आधी जेवा," आणि मशीन सुरू करते.