अनवरीचे हात

आर्णीत अनवरीच्या हातची घुट्टी चाटलेली निदान चाळीस पोरं सापडतील. त्यांच्या मुसलमान समाजात रीत अशी, की बाळाच्या तोंडात मधाचं पहिलं बोट ज्याचं जातं, त्याचे गुण बाळ घेतं. म्हणून मोहल्ल्यात कुणाकडे बाळ झालं की तिला बोलावणं यायचं. ही बाई दवाखान्यात सफाई करायची, पण तिच्याइतके स्वच्छ हात मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाहीत. आणि मी सिस्टर होते.

आम्ही दोघी एकाच बसने यवतमाळला जायचो, एकाच वॉर्डात काम करायचो. तिचं नाक तर विचारू नका. भारी अँटिबायोटिक आठ-दहा दिवस चाललेल्या पेशंटच्या खाटेशी ती घटकाभर थांबायची आणि मला हळूच सांगायची, की याला आता जुलाब लागणार. दोन दिवसांत लागायचे. पाय मोडून आलेला माणूस दवाखान्याचंच दुखणं घेऊन पडायचा. डॉक्टर मंडळी एका खाटेवरून दुसरीकडे जाताना सॅनिटायझर चोळत. अनवरी दर खाटेनंतर नळावर जाऊन साबणाने हात धुवायची. या जंतूंवर सॅनिटायझर चालत नाही, साबण-पाणीच लागतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

मग याच जुलाबांवर संशोधन करायला डॉक्टर बादल आला. आमच्या तांड्याचा, माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला. अनवरी त्याच्याशी बोलायला बिचकत होती. मीच म्हणाले, घरचा पोरगा आहे, सगळं सांग. तिने सांगितलं, त्याने चहा पाजून लिहून घेतलं.

एका दुपारी त्याला सगळ्यांच्या हातांचे नमुने घ्यायचे होते. आम्ही सिस्टर हात धुऊन रांगेत उभ्या राहिलो. हातमोजे त्या आठवड्यात संपले होते, आणि अनवरी सात नंबरच्या खाटेवरची घाण काढून नळाकडे निघाली होती. बादलने तिला वाटेत अडवलं.

"मावशी, हात नका धुवू. एकच मिनिट."

तिने विश्वासाने हात पुढे केले. मला ते खटकलं, आणि मी गप्प बसले.

वर्षभराने त्याचा पेपर परदेशातल्या मासिकात छापून आला. पेढे वाटले गेले. अनवरीची मुलगी अतिया नर्सिंग शिकलेली. तिने मोबाइलवर तो वाचून आईला अर्थ सांगितला. वासाचं, अँटिबायोटिकचं, सगळं त्यात होतं, बादलच्या नावावर. शेवटी लिहिलं होतं, की जंतू सफाई कर्मचाऱ्याच्या हातांवर सापडले आणि त्या हातांनीच रोग पसरत असावा. डॉक्टरांचे हात तपासलेच नव्हते. आमच्या वॉर्डात सफाईला होती एकटी अनवरी. पंधरा दिवसांत ठेकेदाराने तिला घरी बसवलं.

मी बादलला फोन करून खूप बोलले. तो शांतपणे म्हणाला, "काकी, नाव कुठं छापलं मी?" केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

अनवरी भांडली नाही. माझ्या ओट्यावर बसून तिने एवढंच विचारलं, "जयाताई, त्यानं मले हात धुऊ देल्ले नाही. तुमी पाह्यलं होतं ना?"

मी हो म्हणाले.

"मंग बोलल्या काहून नाही?"

 मला बादलपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

मागच्या महिन्यात अतिया माहेरी बाळंत झाली, मुलगी झाली. मीही गेले होते. कुणीतरी मधाची वाटी पुढे केली. अनवरी न्हाणीतून नुकतीच हात धुऊन आली होती, बोटांवर पाणी दिसत होतं. ती वाकली तशी अतियाने बाळ जरा उराशी ओढलं.

"अम्मी, पहले हाथ धो लो."

चाळीस बाळांच्या आयांनी जे कधी म्हटलं नव्हतं, ते पोटच्या मुलीने म्हटलं. अनवरी पुन्हा न्हाणीत गेली. पाणी बराच वेळ वाजत राहिलं. बाळ रडायला लागलं, तेव्हा अतियाच्या सासूने वाटीत बोट बुडवलं.