सात महिन्यांचा ब्रेक

आमच्या वकीलसाहेबांनी मोबाइलमध्ये एआय घेतलं आणि त्यांना वाचनाचा कायमचा कंटाळा आला. मी त्यांच्या पिंपरीच्या ऑफिसात टायपिंग करायचे. यंत्रानं लिहिलेलं एकदा तपासते म्हटलं, तर म्हणाले, "ते तुमच्यापेक्षा हुशार आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पगार त्यांच्याच हातात होता.

त्या दिवशी आमच्या दापोडीच्या गल्लीत राहणाऱ्या एकाची शिक्षा ठरायची होती. मराठवाड्यातून आलेला, चाकणजवळच्या महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. तिथले ब्रेक-पॅड डब्याच्या पिशवीतून आणताना गेटवर सापडला आणि कोर्टात गुन्हा कबूल करून बसला. ठेकेदारानं त्याला आता दुसऱ्या कंपनीत लावलं होतं. आता तुरुंग की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, एवढंच ठरायचं होतं. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

शिक्षेबद्दलचं त्याचं म्हणणं साहेबांनी मोबाइलला ऐकवलं होतं: "कंपनी दर सात महिन्यांनी ब्रेक देते. ब्रेक मिळाला की मी गावी जातो." चाकणमधलं शेंबडं पोरही सांगेल, ब्रेक म्हणजे कामगार कायम होऊ नये म्हणून त्याला मधेच घरी बसवणं. पण यंत्र काही चाकणचं नव्हतं. त्यानं गुन्हा वाचला, डोकं चालवलं आणि झकास इंग्रजीत अर्ज लिहिला. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

जज मॅडमनी अर्ज वाचता वाचता मान वर केली. "वकीलसाहेब, यात लिहिलंय, आरोपीला दर सात महिन्यांनी कंपनीतून गाडीचे ब्रेक मिळतात आणि ते घेऊन तो गावी जातो. म्हणजे ही पहिलीच चोरी नाही?"

साहेब तेव्हा कुठं अर्ज वाचायला लागले. शेवटी आरोपीच पुढं झाला. "मॅडम, ब्रेक म्हंजे कामावरून काढतेत. मग परत घेतेत, नवा म्हणून."

अख्खं कोर्ट हसलं. मॅडमही हसल्या आणि त्यांनी त्याला हमीवर सोडलं. माझा जीव भांड्यात पडला. साहेब कुजबुजले, "बघा, एआयनं कोर्टाचा मूड बनवला."

अर्जाच्या शेवटी यंत्रानं आरोपीच्या वतीनं एक वचनही देऊन टाकलं होतं: वर्षभर एकाच नोकरीत, खंड न पडता काम करीन. मॅडमना ते फार आवडलं. त्यांनी तीच हमीची अट केली. मोडली तर तुरुंग.

सही करायला त्यानं माझ्याकडून पेन घेतलं आणि विचारलं, "ताई, हे कंपनीला कोण सांगणार?"