कुटाराच्या ढिगामागे ढवळ्या होता

दोस्तहो, आज घडलं ते लिहितो.

माझा चुलतभाऊ गजानन. त्याने त्याची छऱ्याची जुनी स्प्रिंगवाली बंदूक आर्णीच्या एका मिस्त्रीकडून जास्त दाबाच्या हवेवर करून आणली. रानडुकरं हाकलायला म्हणे. कोणता छर्रा सरळ जातो ते बघायला आज सकाळी आम्ही माझ्या शेतात बसलो.

आमच्याकडे नेमाचा कागद नेहमी सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाला लावतात. बंदूक स्प्रिंगवर होती तेव्हा छर्रा त्यात वीतभर जाऊन अडकायचा.

हलके छर्रे फाकले. जड छर्रे मात्र एकमेकांना चिकटून बसले. प्रत्येक बारानंतर गजानन कागदाकडे पळायचा. शेवटी ओरडला, "पाह्य बे, सारे आंगठ्याखाली झाकून राह्यले!"

मी म्हणालो, "मार अजून एक." त्याने मारला, आणि ढिगामागून हंबरडा आला.

पलीकडे ढवळ्या, माझा बैल, कुटार खात होता. रोज खाऊन खाऊन त्यानेच ढीग मागून पोखरला होता. समोरून भिंत दिसत होती, मागे पोकळ. छर्रा आरपार जाऊन त्याच्या डोळ्यात घुसला होता. मी जवळ गेलो, तर त्याने रक्ताळलेलं तोंड माझ्याच पोटाला घासलं.

डॉक्टर म्हणाले, डोळा गेला.

बाबा आम्हाला एक शब्दही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "कागद पाह्याले घडीघडी धावत होते ना? मंग ढिगामांगं काहून नाही गेलं कोणी?"

तुमच्या गावात कोणी अशी बंदूक आणली असेल, तर त्याला आजच विचाराल का, कागदामागे काय आहे ते जाऊन पाहिलंस का म्हणून?