समोरचं ताट

मालनबाई आमच्या शेजारच्या. शेवगावच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात नवऱ्याच्या सेवेचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचंच. रखमाजीला लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून तीन वर्षं त्या त्याला घास भरवत होत्या. येणारी-जाणारी म्हणायची, "बाई, धन्य हाय तुझी!" मीही म्हणायचो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. घटकाभर त्याच्यापाशी बसायला कुणी गेलं नाही. मी तर एसटीतून रिटायर झालेला रिकामा माणूस, मीही नाही.

मालनबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या शिबिराची गाडी दोनदा येऊन त्यांच्याविना गेली. "ह्यांना दुपारचं कोन भरवील?" एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा प्रशांत चाकणहून निघाला तरी संध्याकाळी पोचणार. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, आणखी थांबलात तर डावा डोळा जाईल.

तालुक्याच्या दवाखान्यातून रेश्मा येऊ लागली ती त्याच सुमारास. जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं आजारी माणसाला पुन्हा शिकवणारी, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ते नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून सगळे तिला हाताची डॉक्टरीण म्हणत. तिनं चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला, ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. तरी रखमाजीचा डावा हात उठेना. तोंड उघडलं की घास मिळतो, मग हात कशाला हलवायचा?

"मावशी, तुम्ही समोर ताट घेऊन बसा. तुमचं बघून त्यांचा हात चालेल. आणि डाव्या हातानं जेवा."

"आगं बाई! ह्यांच्या म्होरं? आन् डाव्या हातानं?" मालनबाईंनी पदर पुढे ओढला. "चाळीस वर्सांत न्हाई जेवले मी असं."

खरं होतं ते. नवरा उठल्यावर चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून जेवायची सवय. पहिल्या दिवशी त्या पाठमोऱ्याच बसल्या. रेश्मानं खुर्ची फिरवली. पंधरा दिवसांनी रखमाजीनं दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास स्वतः उचलला, अर्धा छातीवर सांडला. मालनबाई पुसायला उठल्या, तर रेश्मानं त्यांचं मनगट धरलं. "सांडू द्या, मावशी."

तिसऱ्या खेपेला मालनबाई गाडीत बसल्या. "आता हे हातानं खात्यात," म्हणाल्या. सकाळीच नवऱ्याला खुर्चीत बसवून पुढ्यात ताट झाकून ठेवलं होतं.

दुपारी मला त्यांचा फोन आला. "मच्छिंद्र भावजी, जेवले का हो हे?"

कुरकुरतच गेलो. रखमाजीनं झाकण काढलं होतं, चमचा डाव्या हातात होता. ताटातला एक घास हलला नव्हता. "खा की मर्दा!" मी म्हणालो. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. मग माझी ट्यूब पेटली, आणि तीन वर्षांची लाज एकदम वाटली.

घरी आलो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, माझंही ताट झाकलेलंच होतं. ते घेऊन रखमाजीसमोरच्या त्या खुर्चीत बसलो. डाव्या हातानं घास घेतला, सदऱ्यावर सांडला. रखमाजीचा हात उठला.

सहा वर्षांत माझ्यासमोर बसून कुणी जेवलं नव्हतं. मी मुद्दाम सावकाश जेवलो.